खेळाडू मुलांच्या गुडघ्यातली कूर्चा आणि तिची शस्त्रक्रिया : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑपरेशन सर्जन करतात, दीड-दोन तासांत होतं. त्यानंतरचे नऊ-दहा महिने मुलं माझ्याकडे असतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे. कबड्डी, खो-खो, कुस्ती, फुटबॉल, बॅडमिंटन खेळणारी तेरा ते बावीस वयाची मुलं-मुली आणि त्यांचे आईवडील रोज भेटतात. हातात एमआरआयचं भलंमोठं पाकीट असतं आणि प्रश्न बहुतेक ठरलेले असतात. तेच इथे लिहून ठेवते आहे. हे वाचून कुणी स्वतःच निदान करू नये. डॉक्टरांसमोर बसल्यावर त्यांचं बोलणं समजावं, एवढाच हेतू.

रिपोर्टमध्ये ‘कार्टिलेज डॅमेज’ लिहिलंय. म्हणजे गादी झिजली का?

आपण दोन वेगळ्या गोष्टींना ‘गादी’ म्हणतो आणि निम्मा घोळ तिथेच होतो.

एक म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत पांढरं आवरण, सांध्याची कूर्चा. ज्यांच्या घरी चिकन शिजतं त्यांनी ती पाहिली आहे. तंगडीच्या टोकाला जी निळसर-पांढरी, चकचकीत, कुरकुरीत टोपी असते, तीच. माणसाच्या गुडघ्यात ती बहुतेक ठिकाणी २ ते ४ मिलिमीटर जाड असते. वाटीच्या मागच्या बाजूला मात्र शरीरातली सर्वांत जाड कूर्चा असते.

दुसरी गोष्ट म्हणजे मेनिस्कस. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन रबरी चकत्या असतात, त्या या. त्यांचं दुखणं वेगळं, ऑपरेशन वेगळं, बरं व्हायचा काळही वेगळा. रिपोर्टमधला शब्द यातल्या कशाबद्दल आहे, हे पहिल्या भेटीतच विचारून घ्या.

आणि ‘झिजली’ हा शब्द आजीच्या गुडघ्यासाठी ठेवा. रस्ता झिजणं वेगळं, रस्त्यात खड्डा पडणं वेगळं. आजीचा सगळा रस्ता झिजलेला असतो. तुमच्या मुलाच्या चांगल्या रस्त्यात एक खड्डा पडला आहे, आणि कडा धडधाकट असलेला खड्डा बुजवता येतो. पुढचं सगळं त्या खड्ड्याबद्दल आहे.

वय लहान आहे. आपोआप भरून येणार नाही का?

हाड मोडलं तर जुळतं, कातडी फाटली तर भरते, कारण तिथे रक्त पोहोचतं. कूर्चेत रक्तवाहिन्याच नाहीत. तिच्यातल्या मोजक्या पेशी घट्ट जाळ्यात अडकून बसलेल्या असतात. जखमेपर्यंत सरकत येऊन दुरुस्ती करणं त्यांना जमत नाही. विल्यम हंटर या शरीररचनाशास्त्रज्ञाने १७४३ साली लंडनमध्ये हेच नोंदवलं होतं : एकदा नष्ट झालेली कूर्चा परत येत नाही. पावणेतीनशे वर्षं उलटली, तरी नैसर्गिक भरपाईपुरतं ते खरंच आहे.

एक अपवाद आहे, आणि तो मुलांच्याच बाजूचा आहे. ऑस्टिओकॉन्ड्रायटिस डिसेकन्स, बोलताना ओसीडी. यात मूळ बिघाड कूर्चेखालच्या हाडात असतो. हाडाचा एक तुकडा कमजोर होऊन सुटू लागतो आणि वरची कूर्चा त्याच्यासोबत हलायला लागते. बहुधा मांडीच्या हाडाच्या आतल्या गोलाईवर हे होतं. मूल अजून वाढत असेल आणि तुकडा जागेवर घट्ट असेल, तर खेळ थांबवून तीन ते सहा महिने दिले की पुष्कळ मुलांमध्ये तो परत जुळतो. इथे वय खरोखर कामाला येतं. अट एकच, खेळ *पूर्ण* थांबवायचा. ‘फक्त रविवारची मॅच’ हा प्रकार चालत नाही.

कूर्चेत नसा नसतात असं वाचलं. मग दुखतं कसं?

बरोबर वाचलंत. या पानावर एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर हीच ठेवा. कूर्चेला दुखत नाही. दुखतं ते खालच्या हाडाला आणि सांध्याच्या अस्तराला. म्हणून खड्डा चांगला मोठा असूनही मुलगा पळत असतो. आणि ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी ‘आता अजिबात दुखत नाही’ म्हणतो, तेव्हा आतलं काम अर्धंही झालेलं नसतं.

मग कळायचं कसं? गुडघा पाणी भरून सांगतो. घरी बघायची रीत सोपी आहे. मुलाला पाय सरळ करून झोपवा. वाटीच्या आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पायाकडच्या बाजूला, तळहाताने खालून वर मांडीकडे दोन-तीनदा निपटून घ्या. तिथली खोलगट जागा रिकामी दिसेल. आता बाहेरच्या बाजूने वरून खाली एकदा हात फिरवा आणि नजर आतल्या बाजूवर ठेवा. पाणी असेल तर तिथे लहानशी लाट फुगून येते. माझ्याकडच्या एका कुस्तीगीर मुलाची आई हे इतकं छान शिकली की सराव वाढवला त्या रात्री तिचा फोन यायचा, “मॅडम, आज लाट आली.” दुसऱ्या दिवशी आम्ही व्यायाम निम्म्यावर आणायचो. मुलाच्या तोंडापेक्षा मी त्या लाटेवर जास्त विश्वास ठेवला.

इजा नेमकी होते कशी? पडला तर नव्हता.

पडावं लागत नाही. पाऊल मॅटला चिकटलेलं, वरून पकड पडलेली आणि अंग वळलेलं, एवढं झालं की गुडघा पिरगळतो. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत दोन हाडांना बांधून ठेवणारा दोर (लिगामेंट), तुटतो, त्याच झटक्यात दोन हाडं एकमेकांवर आपटतात आणि कूर्चेला मार बसतो. एसीएल तुटलेला असताना महिनोन्‌महिने खेळत राहिलं, तर प्रत्येक वेळी गुडघा निसटतो तेव्हा आत ओरखडे वाढत जातात. ‘पट्टा बांधून सीझन काढू’ म्हणणाऱ्यांचे दुर्बिणीतले फोटो बघवत नाहीत.

दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे वाटी सरकणं. वाटी बाहेर निसटते, बऱ्याचदा आपली आपण जागेवरही बसते, आणि जाता-येता कूर्चेचा हाडासकट टवका उडवते. अशा गुडघ्यातून सुईने पाणी काढलं तर रक्त निघतं. त्या रक्तावर आमटीवर तवंग यावा तसे तेलाचे थेंब तरंगताना दिसले, तर आत हाड फुटलंय असं समजायचं, कारण ती चरबी हाडाच्या मगजातली असते. हा टवका ताजा असेपर्यंत परत बसवता येतो. म्हणून वाटी सरकल्यावर ‘बसली ना जागेवर’ म्हणून घरी थांबू नका.

एक्स-रे नॉर्मल आहे. तरी एमआरआय कशाला?

एक्स-रेत हाड दिसतं, कूर्चा दिसत नाही. पण एमआरआय काढला म्हणून एक्स-रे वाया गेला असंही नाही. दोन्ही पायांचा कमरेपासून घोट्यापर्यंत उभ्याने काढलेला एक्स-रे फार महत्त्वाचा, आणि नेमका तोच पुष्कळांच्या फायलीत नसतो. पाय आत किंवा बाहेर किती झुकलाय, वजन गुडघ्याच्या कोणत्या कप्प्यावर पडतंय, हे त्यातच कळतं.

एमआरआयवर खड्डा दिसतो त्यापेक्षा प्रत्यक्षात मोठा निघण्याची शक्यता धरून चाला. दुर्बीण आत गेल्यावर सर्जन बारीक हुकाने कूर्चा चाचपतात. चांगली कूर्चा टणक लागते, खराब झालेली दबते, काही ठिकाणी ओल्या पापुद्र्यासारखी सुटून येते. खराब कडा खरवडून काढल्यावर राहतो तो खरा आकार. म्हणून ‘आत गेल्यावर ठरवू’ असं डॉक्टर म्हणाले तर ते टाळाटाळ करत नाहीत.

रिपोर्टमधले ग्रेड खोलीचे असतात. १ म्हणजे वरवरची मऊ पडलेली किंवा चिरलेली कूर्चा, २ म्हणजे निम्म्यापेक्षा कमी खोली, ३ म्हणजे निम्म्याहून जास्त, ४ म्हणजे हाडापर्यंत.

ऑपरेशन लागतंच का?

नाही, सगळ्यांना लागत नाही. खेळाडूंच्या एमआरआयमध्ये अशाही जखमा सापडतात ज्यांचा काहीच त्रास नसतो. कागदावर ऑपरेशन करायचं नसतं. लहान, उथळ जखम असेल, गुडघा अडकत नसेल, पाणी भरत नसेल, तर मांडीचे आणि कमरेचे स्नायू तयार करून तीन महिने नेटाने काम करून बघावं.

थांबायचं नाही अशा गोष्टी दोनच. तुकडा सुटलाय, किंवा गुडघा अडकून बसलाय आणि सरळ होत नाही. त्यात आठवडे घालवू नका.

कोणकोणती ऑपरेशन्स असतात?

*तुकडा परत बसवणं.* सुटलेला किंवा सुटू पाहणारा तुकडा हाडासकट चांगल्या स्थितीत असेल तर तो बारीक स्क्रूने किंवा आपोआप विरघळणाऱ्या खिळ्यांनी जागेवर बसवतात. मुलांमध्ये शक्य असेल तिथे हाच पहिला पर्याय, कारण आपली मूळ कूर्चा ती मूळ कूर्चा. ओसीडीचा तुकडा घट्ट असूनही जुळत नसेल तर त्यात नुसती बारीक भोकं पाडून खालून रक्त येऊ देतात.

*मायक्रोफ्रॅक्चर.* अमेरिकेत कोलोरॅडोतल्या व्हेल गावी रिचर्ड स्टेडमन यांनी १९८०च्या दशकात रुळवलेली पद्धत. खड्ड्याचा तळ साफ करून हाडाला तीन-चार मिलिमीटर अंतरावर टोच्याने भोकं पाडतात. मगजातलं रक्त वर येतं, त्याची गुठळी धरते आणि महिन्यांनंतर तिथे कूर्चेसारखा थर तयार होतो. ‘सारखा’ हा शब्द महत्त्वाचा. मूळ कूर्चा काचेसारखी गुळगुळीत असते. हा थर तंतुमय, जखमेच्या व्रणाच्या जातीचा असतो. एकाच वेळात होतं, खर्च कमी, दुर्बिणीतूनच होतं. पण सुधारणा दोन-पाच वर्षांनी ओसरताना दिसते, त्यातही उड्या आणि वळणांच्या खेळात. २ चौरस सेंटीमीटरपेक्षा मोठ्या खड्ड्याला हे पुरत नाही.

*मोझेकप्लास्टी.* हंगेरीचे लास्लो हांगोडी यांनी १९९२मध्ये सुरू केलेली. याच गुडघ्याच्या, वजन कमी पडणाऱ्या कडेवरून हाड-कूर्चेचे लहान दंडगोल काढायचे आणि खड्ड्यात शेजारी शेजारी ठोकून बसवायचे, अंगणात फरशीचे तुकडे जुळवतात तसे. खरी कूर्चा मिळते आणि ती लवकर जम धरते. अडचण अशी की एका ठिकाणचं काढून दुसरीकडे लावायचं. जिथून काढलं तिथेही काहींना दुखतं. म्हणून लहान-मध्यम खड्ड्यांपुरतीच.

*पेशी वाढवून लावणं.* स्वीडनमधल्या गॉथेनबर्गच्या लार्स पीटरसन आणि मॅट्स ब्रिटबर्ग यांच्या गटाने १९८७मध्ये पहिल्यांदा केलं आणि १९९४मध्ये २३ रुग्णांचे निकाल प्रसिद्ध केले. यात ऑपरेशन दोनदा. पहिल्या वेळी दुर्बिणीतून तांदळाच्या काही दाण्यांएवढी कूर्चा काढतात. प्रयोगशाळेत तिच्यातल्या पेशी काही आठवडे वाढवतात. दुसऱ्या वेळी त्या खड्ड्यात भरतात. पूर्वी हाडावरच्या पातळ पडद्याची पिशवी शिवून तिच्यात द्रव सोडायचे, आता पडद्यावर वाढवलेल्या किंवा जेलमधल्या पेशी चिकटवतात. २ चौरस सेंटीमीटरहून मोठ्या खड्ड्यांसाठी ही पद्धत. अमेरिकेत पडद्यावरच्या पेशींना डिसेंबर २०१६मध्ये मान्यता मिळाली. इंग्लंडच्या आरोग्यसेवेने २०१७मध्ये निवडक रुग्णांसाठी ती स्वीकारली. भारतातही रुग्णाच्या स्वतःच्या कूर्चा-पेशींवर आधारित उपचाराला २०१७मध्ये परवानगी मिळाली.

*दात्याची कूर्चा.* हाडासकट मोठा तुकडा मृत दात्याकडून. अमेरिकेत बरंच होतं. आपल्याकडे ताजी, जिवंत पेशींची दाता-कूर्चा मिळणं दुरापास्त आहे, म्हणून यावर फार लिहीत नाही. परदेशातल्या मराठी पालकांना हा पर्याय सुचवला जाऊ शकतो, एवढं माहीत असू द्या.

यातलं सगळ्यात चांगलं कुठलं?

प्रश्न रास्त आहे, उत्तर एका शब्दात नाही. २०१७मध्ये ४४ अभ्यासांमधले २,५४९ रुग्ण एकत्र करून पाहिलं गेलं. मोझेकप्लास्टीच्या जातीच्या ऑपरेशननंतर ९३ टक्के, दात्याच्या कूर्चेनंतर ८८ टक्के, पेशी लावल्यानंतर ८२ टक्के आणि मायक्रोफ्रॅक्चरनंतर ५८ टक्के खेळाडू मैदानावर परतले. सरासरी वेळ त्याच क्रमाने साधारण ५, साडेनऊ, १२ आणि ९ महिने.

हे आकडे वाचून लगेच ‘आम्हाला ९३ टक्केवालंच करा’ म्हणू नका. ते लहान खड्ड्यांत करतात, पेशी मोठ्या खड्ड्यांत. तुलना सरळ होत नाही. मी त्यातून एवढंच घेते की मायक्रोफ्रॅक्चर स्वस्त आणि सोपं आहे म्हणून सरसकट करायची सवय आता सुटली पाहिजे.

आणि सरासरीत एकेक माणूस हरवतो. अमेरिकन बास्केटबॉलमधल्या अमारे स्टाउडमायरवर २००५मध्ये मायक्रोफ्रॅक्चर झालं. २००६-०७च्या मोसमात तो लीगच्या सर्वोत्तम पाचांत होता. ग्रेग ओडन त्याच लीगच्या २००७च्या नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्या क्रमांकाचा खेळाडू. त्याच वर्षी तेच ऑपरेशन, पहिला मोसम पूर्ण बाहेर, पुढे दुसऱ्या गुडघ्यावरही तेच, आणि कारकीर्द कधी उभीच राहिली नाही.

आधी लहान ऑपरेशन करून बघू, नाही जमलं तर मोठं. चालेल ना?

ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण इथे पहिली संधी मोलाची असते. मायक्रोफ्रॅक्चरमध्ये खालच्या हाडाला भोकं पडतात, ते हाड पुढे कडक होतं, कुठे उंचवटे येतात. अशा गुडघ्यावर नंतर पेशी लावल्या तर त्या अपयशी ठरण्याचं प्रमाण सुमारे तिप्पट असल्याचं अमेरिकेतल्या एका मोठ्या रुग्णमालिकेत दिसलं. खड्डा लहान असेल तर पहिलंच ऑपरेशन लहान असावं. पण मोठ्या खड्ड्यावर ‘सध्यापुरतं’ काही करू नये. दुसरं मत घ्यायचं असेल तर पहिल्या ऑपरेशनच्या *आधी* घ्या.

कूर्चेसोबत लिगामेंट आणि मेनिस्कसही सांगितलंय. एवढं सगळं एकदम?

बहुतेकदा हो. खड्डा बुजवला, पण तिथे पाणी का तुंबत होतं ते पाहिलंच नाही, तर पुढच्या पावसाळ्यात खड्डा परत तिथेच. एसीएल नसेल तर गुडघा निसटत राहणार. वाटी सरकत असेल तर नवा थर परत खरवडला जाणार. पाय धनुष्यासारखा वाकलेला असेल तर सगळं वजन त्याच जागी. ही कारणं तशीच ठेवून केलेलं कूर्चेचं ऑपरेशन मला तरी टिकलेलं पाहायला मिळालेलं नाही.

मेनिस्कसबाबत एक भांडण हमखास होतं. फाटलेला भाग कापून काढला तर मुलगा दीड-दोन महिन्यांत मैदानावर, शिवला तर चार-सहा महिने. प्रशिक्षकांना पहिला पर्याय आवडतो. पण मेनिस्कस काढला की त्याच्या वाटचं वजन थेट कूर्चेवर येतं. काढलेल्या गुडघ्यांचे एक्स-रे कसे बिघडत जातात हे १९४८पासून माहीत आहे. कोवळ्या वयात शिवता येत असेल तर शिवावाच. रॉजर फेडररने २०२१मध्ये चाळिशीत, तिसऱ्यांदा त्याच गुडघ्यावर शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हाही डॉक्टरांनी मेनिस्कस शिवला आणि त्याच वेळी कूर्चेवर काम केलं. अनेक आठवडे कुबड्या घ्याव्या लागणार हे माहीत असून त्याने ते निवडलं. पुढच्या वर्षी तो निवृत्त झाला. टेनिससाठी गुडघा पुरला नाही, पण ते ऑपरेशन पुढच्या आयुष्यातल्या चालण्या-फिरण्यासाठीही होतं, हे त्याने स्वतः सांगितलं होतं. पंधरा वर्षांच्या मुलापुढे तर साठ वर्षं आहेत.

मुलाची उंची अजून वाढतेय. त्याचं काय?

गुडघ्याच्या वर-खाली वाढीच्या पट्ट्या असतात. मुलींमध्ये साधारण चौदा आणि मुलांमध्ये सोळाच्या आसपास त्या बंद होतात, मागेपुढे होतं. कूर्चेची बरीचशी ऑपरेशन्स या पट्ट्यांपासून दूर होतात, पण नवा एसीएल बसवायला हाडात पाडायचा बोगदा किंवा पाय सरळ करायचं ऑपरेशन त्यांच्याजवळ जातं. म्हणून पट्ट्या उघड्या असतील तर लहान मुलांच्या गुडघ्यांचा अनुभव असलेला सर्जन शोधा. याच उघड्या पट्ट्यांचा फायदाही घेता येतो. पाय वाकडा असेल तर एका बाजूला धातूची छोटी पट्टी बसवून वाढच हळूहळू सरळ वळवता येते.

पीआरपी, स्टेम सेल, गोळ्या यांनी काम होणार नाही का?

खड्डा भरणार नाही. पीआरपीने, म्हणजे स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सच्या इंजेक्शनने, काहींची सूज-दुखी कमी होते, तेवढंच त्याचं श्रेय. ‘वंगणाचं’ इंजेक्शन वयस्कर झिजेसाठी. स्टिरॉइडचं इंजेक्शन मॅचआधी घ्यायला कुणी सुचवलं तर त्या माणसापासून लांब राहा. दुखणं दबतं, आणि पुन्हा पुन्हा घेतलं तर कूर्चेलाच मारक ठरतं. ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांचे पैसे अंड्यांना आणि डाळीला लावा.

स्टेम सेलबद्दल, म्हणजे इतर पेशी बनू शकणाऱ्या मूळपेशींबद्दल, स्पष्ट सांगते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं तर इतरत्र स्टेम सेल फक्त नोंदणी केलेल्या संशोधनात, रुग्णाकडून पैसे न घेता वापरायच्या. वर लिहिलेल्या कूर्चा-पेशी म्हणजे स्टेम सेल नव्हेत. जाहिरातवाले दोन्ही नावं मुद्दाम एकत्र करतात.

तेल लावून चोळलं तर?

मांडीला चोळा, हरकत नाही. सुजलेल्या गुडघ्याला नको. आणि ‘झटका देऊन बसवणाऱ्या’कडे तर मुळीच नको.

ऑपरेशननंतरचे पहिले सहा आठवडे कसे असतात?

कंटाळवाणे. मुलं इथे सगळ्यात जास्त चुकतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

खड्डा मांडीच्या हाडाच्या गोलाईवर असेल तर साधारण सहा आठवडे पायावर वजन नाही. पाऊल टेकवायचं, भार नाही द्यायचा. मी मुलांना सांगते, टाचेखाली भाजलेला पापड आहे असं समज, तो मोडता कामा नये. खड्डा वाटीमागे असेल तर नियम उलटा. पट्टा लावून पाय सरळ ठेवला तर वजन लवकर देता येतं, पण वाकवणं टप्प्याटप्प्याने. शेजारच्या मुलाला जे सांगितलं ते तुमच्या मुलाला लागू नाही, ते यामुळेच.

वजन नाही म्हणजे हालचाल नाही असं मात्र नव्हे. कूर्चेला अन्न रक्तातून मिळत नाही, सांध्यातल्या द्रवातून मिळतं आणि गुडघा हलला की तो द्रव आत जिरतो. टोरॉन्टोच्या रॉबर्ट सॉल्टर यांनी याच विचारातून गुडघा सतत हलवणारं यंत्र आणलं. पाय त्यात ठेवायचा, ते दिवसाचे काही तास सावकाश वाकवतं आणि सरळ करतं. शहरांत ते भाड्याने मिळतं. नसेल मिळत तर गुळगुळीत फरशीवर मोजा घालून टाच पुढे-मागे सरकवायची, दिवसातून शेकडो वेळा. टीव्हीसमोर होतं.

मांडी फार झपाट्याने उतरते. वाटीच्या वर १५ सेंटीमीटरवर पेनाने खूण करून टेपने दोन्ही मांड्या मोजते. सहा आठवड्यांनी ऑपरेशनच्या बाजूला दोन-तीन सेंटीमीटर कमी भरले की मुलाचा चेहरा उतरतो. एका खो-खो खेळणाऱ्या मुलीने तो आकडा वहीत लिहून ठेवला आणि दर सोमवारी खाली नवा आकडा लिहीत गेली. दोन्ही बाजू समान व्हायला तिला सात महिने लागले.

घरात आधीच करायच्या तयारीत कमोडची सोय (घरी भारतीय पद्धतीचं असेल तर कमोड-खुर्ची), बाथरूममध्ये प्लास्टिकची खुर्ची, आणि वरच्या मजल्यावर राहत असाल तर जिन्याचा सराव ऑपरेशनच्या आधी. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.

ताप, जखमेतून पाणी, पोटरी अचानक सुजून दुखणं, औषध घेऊनही वाढत जाणारं दुखणं यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी हॉस्पिटलला फोन. सकाळची वाट बघू नका.

मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं?

पहिले तीन-चार महिने नाही, नंतर जखमेच्या जागेनुसार. पूर्ण वाकलेल्या गुडघ्यात वाटीमागे आणि गोलाईच्या मागच्या भागावर दाब खूप येतो. पंगतीला खुर्ची मागायला लाजू नका. आणि गणपतीत ढोल कमरेला बांधून तासन्‌तास वाजवणं हेही ‘फक्त उभं राहणं’ नसतं. माझ्याकडचे दोन गुडघे गेल्या भाद्रपदात त्याच्यापायी सुजून आले.

मैदानावर कधी? दहावीचे क्रीडागुण आहेत, पुढे पोलीस भरती आहे.

साधारण हिशेब असा : मोझेकप्लास्टीनंतर पाच-सहा महिने, मायक्रोफ्रॅक्चरनंतर आठ-नऊ, पेशी लावल्यावर वर्ष ते दीड वर्ष. एसीएल सोबत असेल तर नऊ महिन्यांच्या आत मी तरी होकार देत नाही. पण तारीख ही फक्त पहिली अट. ऑपरेशनच्या पायाची ताकद दुसऱ्याच्या निदान ९० टक्के हवी, एका पायावरच्या उड्यांचं अंतर तेवढंच भरलं पाहिजे, आणि सरावानंतर दुसऱ्या दिवशी लाट दिसता कामा नये.

क्रीडागुणांसाठी जिल्हा स्पर्धेत ‘नुसतं उभं राहायला’ नेलेला मुलगा मैदानात नुसता उभा राहत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. भरतीची १६०० मीटर धाव पुढच्या वर्षीही असते. भरतीवाल्यांचा माझा क्रम ठरलेला आहे. आधी सायकल, मग पाण्यात चालणं, मग मऊ मातीवर एक मिनिट धाव-एक मिनिट चाल, आणि डांबरी रस्ता सगळ्यात शेवटी. पहाटे हायवेवर पळणाऱ्या मुलांना मी हे रोज सांगते, रोज त्यातला एक ऐकतो.

पूर्वीसारखा खेळेल का?

बरेच खेळतात. काही खेळतात, पण एक पायरी खाली. काहींना खेळ बदलावा लागतो. वय कमी, जखम लहान, त्रास सुरू होऊन एक वर्षाच्या आत उपचार आणि पहिलंच ऑपरेशन, या चार गोष्टी बाजूने असतील तर शक्यता चांगली. सायना नेहवालने २०२४मध्ये स्वतः सांगितलं की गुडघ्याची कूर्चा खराब झाली आहे, संधिवात आहे आणि आठ-नऊ तासांचा सराव आता झेपत नाही. ऑलिम्पिक पदकविजेतीच्या दिमतीला सगळे डॉक्टर-फिजिओ असतानाही हे होऊ शकतं. म्हणून कुठल्याही दवाखान्याने ‘शंभर टक्के’ म्हटलं तर तिथून उठा.

खर्च?

शहर आणि हॉस्पिटलप्रमाणे इतका बदलतो की आकडा लिहिला तर दिशाभूल होईल. क्रम मात्र ठरलेला. मायक्रोफ्रॅक्चर सगळ्यात कमी, मोझेकप्लास्टी मध्ये, पेशी वाढवणं बरंच वर, कारण प्रयोगशाळेचं बिल वेगळं आणि ऑपरेशन दोन. अंदाजपत्रकात हॉस्पिटल, इम्प्लांट, प्रयोगशाळा आणि फिजिओ असे चार भाग वेगळे लिहून मागा. विमा असेल तर पेशींचा खर्च बसतो का ते लेखी विचारा. महात्मा फुले योजनेत यातलं काय येतं ते त्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडून *भरती होण्याआधी* कळतं, नंतर नाही. फिजिओचा खर्च लोक धरतच नाहीत आणि दुसऱ्या महिन्यात यायचे बंद होतात. लांब राहत असाल तर तसं आधीच सांगा. आठवड्यातून एकदा बघून बाकीचं घरी करून घेता येतं, आणि व्हिडिओ कॉलवर निम्मं काम होतं.

दुसऱ्या गुडघ्याला काही नाही ना?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात. ओसीडी असेल तर दुसऱ्या गुडघ्यातही ती दडलेली असण्याची शक्यता चांगलीच असते, आणि तो गुडघा तेव्हा दुखत नसतो. एका साध्या एक्स-रेत दिसतं. पहिल्याचं ऑपरेशन ठरेल त्याच दिवशी दुसऱ्याचा काढून घ्या.